जांभळाची वाइन आणि शून्य राग

सोमवार, २ जून. सकाळी ६.१०

आजपासून शांत. संपूर्ण.

ही वही रसिकाने दिली. माझी एकुलती एक मुलगी, आठवा महिना चालू आहे. तिच्या कुठल्यातरी मॅडमने सांगितलंय म्हणे, बाबांना रोज लिहू दे, आज किती वेळा राग आला ते. कुणी वाचणार नाही म्हणाली. वाचत असेलच कुणी, तर त्याने पहिली ओळ परत वाचावी.

मी रागीट नाही. आवाज मोठा आहे. वागळे इस्टेटला तीस वर्षं पॉवर प्रेसवर फोरमन होतो, तिथे हळू बोललं की माणसांची बोटं जातात. आणि डोहाळजेवणाला जे झालं त्याला मारामारी म्हणत नाहीत. आमचे व्याही नाशिकला जाऊन वाइन पिऊन आले, तेव्हापासून त्यांना ग्लास फिरवायची सवय लागलीय. पन्ह्याचा ग्लाससुद्धा फिरवतात. म्हणाले, महिपतराव, तुमचं आपलं देशी खातं, द्राक्षातलं तुम्हाला काय कळणार. मी फक्त ताट सरकवलं. ताटात श्रीखंड होतं आणि समोर व्याही होते. त्यांचा चष्मा आधीच ढिला असणार.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. पण रसिका इथे खोपटला आली नाही. उलट आमची कलावतीच तिच्याकडे डोंबिवलीला गेली. कारण उघड आहे, तिकडे लिफ्ट आहे. जाताना कलावती म्हणाली, बारशापर्यंत काही फोडलं नाहीत, कुणावर हात टाकला नाहीत, तर या. नाहीतर नातवंड व्हिडिओ कॉलवर बघा.

हात्तिच्या! दीड महिना म्हणजे काय मोठंसं.

राग: शून्य. (चहाचा कप फुटला. ओला होता.)

बुधवार, ४ जून

प्लॅन ठरला. वाइन.

शेजारी गर्ट्रूडबाय राहते. जुनी ख्रिश्चन बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, समोरचा एसटी डेपो नव्हता तेव्हापासूनचं त्यांचं घर. तिच्या अंगणात जांभूळ आहे आणि त्याच्या निम्म्या फांद्या भिंतीवरून आमच्याकडे. दर नाताळला ती कुलकुलं, म्हणजे त्यांचे ते तळलेले गोड शंखोळे, आणि बरोबर जांभळाच्या वाइनची एक बाटली पाठवते. कलावती घेत नाही, त्यामुळे मी पितो.

तर बारशाला मी घरी केलेली बारा बाटल्या वाइन घेऊन जाणार. व्याही ग्लास फिरवणार, घोट घेणार आणि गप्प बसणार. हात न लावता चीतपट. सूड नव्हे. भेट.

राग: शून्य.

शनिवार, ७ जून. दुपारी

तीन दिवस मोबाइलवर अभ्यास. डोळे सुजले. पण शोध मोठा लागलाय, तो लिहून ठेवतो.

जगातली कुठलीही दारू घ्या, सुरुवात मारण्यापासून होते. द्राक्षं पायाखाली तुडवतात. बार्ली भिजवून कोंब येऊ देतात, आणि कोंब आला रे आला की भट्टीत भाजून दळतात. ऊस चरकात. काजूचं बोंड पिळून चोथा. मेक्सिकोत घायपातासारखं एक झाड आहे, त्याची सगळी पानं छाटतात, मधला गड्डा खड्ड्यात भाजतात आणि मग कुटतात. त्याची टकीला. मोहाची फुलं बिचारी आपणहून पडतात, तर त्यांना उकळत्या हंड्यात घालतात.

म्हणजे मार खाल्ल्याशिवाय कुठल्याच झाडाला गुण येत नाही. हेच मी आयुष्यभर सांगतोय. रसिकाला मी लहानपणी हात लावला, नाही म्हणत नाही. पण एम.कॉम. फर्स्ट क्लास झाली की नाही? शेजारच्या कुणाची झाली?

राग: शून्य. अभिमान मात्र वाटला.

रविवार, ८ जून

खडवलीला गेलेलो, विश्रामकडे. विश्राम माझ्या हाताखाली हेल्पर होता, आता गावी शेती बघतो. त्याच्या बांधावर तीन ताड आहेत. शोधाला पुरावा हवा होता.

मिळाला! ताडी काढणारा माणूस वर चढला आणि लाकडाच्या तुकड्याने ताडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, ठोकायला लागला. चांगली ठोकत होता, टक टक टक. विश्राम म्हणाला, आठवडाभर रोज असं ठोकतात, तेव्हा कुठे पोय गळायला लागते. मी टाळीच वाजवली.

तो माणूस खाली उतरल्यावर मी त्याला सांगितलं की बाबा रे, जोर कमी पडतोय तुझा. तर म्हणे, नाय काका, जोरात हाणली तर पोय सडते, थेंब मिलत नाय. पोराला निजवताना थोपटतो ना, तशी थोपटायची. शिकलेला नाही बिचारा. काम बरोबर करतो, पण का ते त्याला सांगता येत नाही.

परत येताना विश्रामने मला स्टेशनपर्यंत सोडलं नाही. बैल आजारी आहे म्हणाला. त्याच्याकडे बैल नाही हे मला मागाहून आठवलं. कंपनीत असताना एकदा मी त्याच्या पाठीत पाना घातलेला, पण त्याला पंधरा वर्षं झाली.

राग: शून्य.

मंगळवार, १० जून

गर्ट्रूडबायकडून कृती घेतली. भिंतीवरून. चिनी मातीची बरणी, जांभळं, साखर, मूठभर गहू, यीस्ट. तोंडाला फडकं बांधायचं, झाकण नाही. रोज लाकडी डावाने एकदा हलवायचं, एकवीस दिवस. मग गाळायचं. बाटलीत भरल्यावरही बूच सैल ठेवायचं, आत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

आणि एक गोष्ट तिने तीनदा सांगितली. जांभूल कुटू नको हां महिपत. बोटांनी नुसता दाबायचा, साल आपसूक फाटते. बी फुटली तर सगला कडू होईल.

हो हो म्हटलं. म्हातारी आहे, मनगटात जोर राहिलेला नाही, म्हणून बोटांनी दाबते. आपल्याकडे मुसळ आहे.

राग: शून्य.

गुरुवार, १२ जून. संध्याकाळी

जांभळं उतरवली. थोडा प्रसंग घडला.

बांबू घेऊन भिंतीवर चढलो आणि फांदी झोडपली. दहाबारा फटक्यांत दोन किलो. मग एक फांदी ऐकेना. तिच्यावरच चांगले घोस होते. मी तिला शेवटची संधी दिली, मग दोन्ही हातांनी घातला. फांदी मोडली, ती थेट गर्ट्रूडबायच्या पत्र्यावर. आतून तिचा भाचा व्हिक्टर बनियनवर बाहेर आला. जिमला जातो, मान नाहीच त्याला, डोकं डायरेक्ट खांद्यावर. म्हणाला, अंकल, झाडाला मारता कशाला, मी वर चढून देतो ना काढून. टोमणा मी ओळखला. त्याने बांबूचं दुसरं टोक धरलं. मी ओढला. त्याने सोडला.

सिव्हिलमध्ये डॉक्टर म्हणाली, पडलात कसे? म्हटलं, शांतपणे.

राग: शून्य. टाके: तीन, हनुवटीला. व्हिक्टरने रिक्षा करून नेलं, पण चूक त्याचीच होती.

शुक्रवार, १३ जून

नऊ किलो जांभळं मुसळाने कुटली. मोरीत बसून, सलग दोन तास. काय सांगू, अंगात नवं वारं शिरलं! प्रेसवर असल्यासारखं वाटलं. बिया फुटल्याचा आवाज येत होता, कट कट, फार समाधानकारक. व्याह्यांचा चेहरा एकदोनदा डोळ्यांपुढे आला, पण तो योगायोग.

भिंत, छत, बनियन, पट्टी लावलेली हनुवटी, सगळं जांभळंलाल. तेवढ्यात सिलेंडरवाला आला. मी मुसळ हातात तसंच धरून दार उघडलं. त्याने सिलेंडर सोडला आणि पळाला. सिलेंडर गल्लीतून गडगडत डेपोच्या गेटपर्यंत. मी मागून ओरडत गेलो की अरे थांब, घाबरू नकोस, तर रस्त्यावरची आणखी चार माणसं पळाली.

दोन बरण्या भरल्या. फडकी बांधली.

राग: शून्य.

बुधवार, १८ जून

बरण्या फसफसताहेत. कान लावला की ऐकू येतं.

एका बरणीवर उंदीर बसलेला. माझ्या नातवंडाच्या बारशाच्या बरणीवर! मी डाव फेकून मारला. उंदीर गेला.

राग: शून्य. बरण्या: एक.

सोमवार, २३ जून

कलावतीचा फोन. काय चाललंय विचारलं. म्हटलं, मौन, फलाहार. तिने गर्ट्रूडबायला फोन द्यायला सांगितला. भिंतीवरून दिला. माझा जीव टांगणीला, कारण म्हातारीने सगळं बघितलेलं. तिने इकडे बघितलं, हनुवटीवरच्या टाक्यांकडे बघितलं आणि कलावतीला म्हणाली, बरा आहे, झाडाबिडाचं करतो काहीतरी. मग पावसाचं बोलली.

खोटं बोलली नाही ती. मी बराच आहे.

राग: शून्य.

रविवार, २९ जून

आज गर्ट्रूडबाय स्वतःहून भिंतीपाशी आली. चर्चहून आलेली, मोगऱ्याचा गजरा तसाच होता. म्हणाली, महिपत, तुझी पोर सहासात वर्षांची होती ना, तेव्हा या भिंतीवरून उडी मारून यायची माझ्याकडे. या जांभलाखाली बसायची, तू निजेपर्यंत. मी बोलवायची आत ये, तर आत यायची नाय. म्हणायची, इकडून बाबांचा आवाज कलतो, कमी झाला की जाते.

मला आठवलं. जीभ जांभळी, फ्रॉक जांभळा करून यायची आणि मग त्या फ्रॉकवरून मला तिला... असो. तिला जांभळं फार आवडायची, हे मी विसरूनच गेलेलो. एक बाटली खास तिच्यासाठी ठेवतो. आत्ता तिला चालणार नाही, नंतर.

गर्ट्रूडबाय बराच वेळ उभी होती. अजून काही म्हणायचं असेल. म्हाताऱ्या माणसांना गप्पा हव्या असतात.

राग: शून्य.

शुक्रवार, ४ जुलै

गाळली. एकच बरणी, पण साखरपाणी थोडं वाढवलं आणि मोजून बारा बाटल्या भरल्या. रंग असा की बघत राहावं.

चव घेतली.

नाशिकवाले यालाच ड्राय म्हणत असणार. पहिल्या घोटाला जीभ टाळूला चिकटली, दुसऱ्याला कान बंद झाला. औषधी आहे. जांभळाची बी डायबेटिसवर देतातच, इथे ती आतच आहे. व्याह्यांना शुगर आहे, म्हणजे माझा किती विचार बघा.

बूच सैल ठेवायला गर्ट्रूडबायने सांगितलेलं. पण व्हिक्टर भिंतीवरून बघत असतो. सगळी बुचं हातोडीने ठोकली, वरून तार आवळली, पक्कडीने. फोरमनने आवळलेली वस्तू आजवर सुटलेली नाही. सैल सोडणं माझ्या स्वभावात नाही.

बाटल्या कपाटात, कलावतीच्या साड्यांच्या खाली.

राग: शून्य.

बुधवार, ९ जुलै

मुलगी झाली! सकाळी ९.४०. तीन किलो दोनशे. रसिका बरी आहे.

सुशांतने, म्हणजे जावयाने, व्हिडिओ कॉल लावला. एवढीशी लाल, मुठी वळलेल्या. माझ्यासारख्याच मुठी. मी आनंदाने ओरडलो, अरे वाघीण आहे, वाघीण! बाळ दचकलं, रडायला लागलं. रसिकाने फोन उलटा केला. मग नेटवर्क गेलं. त्या हॉस्पिटलात नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे असं दिसतंय, माझं बोलणं सुरू झालं की जातं.

बारसं वीस तारखेला, रविवारी. कलावतीने विचारलं, हात आवरलात ना? म्हटलं, वही आहे पुरावा. सदतीस दिवस शून्य.

पेढे वाटले. व्हिक्टरलाही दिला. हातात नाही दिला, भिंतीवर ठेवला.

राग: शून्य. डोळ्यांत पाणी आलं, पण ते जांभळाच्या वासाने.

मंगळवार, १५ जुलै. दुपारी ३

लिहायला डावा हात वापरतोय.

दुपारी जेवून आडवा झालेलो. कपाटातून धडाम! मग दुसरा. मग एका पाठोपाठ एक, मोजता येईनात. कपाटाचं दार उडून माझ्या पलंगावर. काचा सूं सूं करत. मला वाटलं, व्हिक्टरने हल्ला केला. झोपेत माणसाला दुसरं काय वाटणार? मुसळ घेतलं आणि बाहेर धावलो. तो समोरूनच आमच्या दारात येत होता. घातलं.

नंतर कळलं की तो आवाज ऐकून मला बाहेर काढायला येत होता.

त्याचा उजवा खांदा. हाड शाबूत आहे. माझ्या कानातून आणि दंडातून काचा त्यानेच काढल्या, डाव्या हाताने, त्यांच्या पायरीवर बसवून. माझा मुसळाचा हात त्याने आपल्या मांडीखाली दाबून धरलेला. गर्ट्रूडबाय हळद घेऊन उभी होती. मी म्हटलं, बाय, कलावतीला सांगू नका. मी हात जोडले. एक हात बांधलेला होता, तरी जोडले. मी आयुष्यात कुणापुढे जोडलेले नाहीत.

ती म्हणाली, बारशाला जा. मी नाय सांगत. पण तिकडे हात खिशात ठेव, महिपत. दोन्ही.

अकरा बाटल्या गेल्या. कलावतीच्या सात साड्या जांभळ्या, त्यातला एक शालू. छतावर माझी सही असल्यासारखा मोठा डाग. एक बाटली शाबूत आहे.

राग: शून्य. हा स्वसंरक्षणाचा विषय होता.

शनिवार, १९ जुलै

तयारी. नवीन पँट शिवून आणली, खिसे खोल. टेलरला वीतभर सांगितलेलं, त्याने अर्धी वीत केलेली, मी काही बोललो नाही. परत करून घेतले.

घरात आरशासमोर हात खिशात घालून अर्धा तास उभा राहिलो. भारदस्त दिसतो.

राग: शून्य.

रविवार, २० जुलै. संध्याकाळी ७

जाऊन आलो.

हॉलमध्ये फुलांचा पाळणा. पन्नासेक माणसं. कलावतीने माझा कान बघितला, दंड बघितला. म्हटलं, जिन्यावरून. तिने बसायला खुर्ची दिली, पंख्याखालची. मी हात खिशात घातले ते घातले. पेढा आला, नाही म्हटलं. सरबत आलं, नाही म्हटलं. लोकांना वाटलं, उपास आहे.

बाटली मी आल्या आल्या सुशांतकडे दिलेली. व्याह्यांनी आतल्या खोलीत ग्लासात ओतली, फिरवली, वास घेतला, घोट घेतला. त्यांचं तोंड असं झालं की बघण्यासारखं. मग रुमालाने पुसत म्हणाले, महिपतराव, रंग मात्र अप्रतिम हां. बी फुटलीय वाटतं थोडी.

आणि मला राग आला नाही! खिशातल्या मुठीसुद्धा वळल्या नाहीत. मी म्हटलं, हो, फुटली. पुढच्या वर्षी बोटांनी दाबीन. व्याही हसले, मीही हसलो. मला इतकं हलकं वाटलं. चष्म्याबद्दल सॉरी म्हणायचंसुद्धा मनात आलं, जेवताना म्हणायचं ठरवलं.

मग बायका पाळण्याभोवती जमल्या. सुशांतच्या बहिणीने बाळाच्या कानात कुर्र केलं, संचिता नाव ठेवलं. गाणं सुरू झालं. रसिका बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, मोरपिशी साडी. कलावती मला म्हणाली, जा, बघा जवळून. मी गेलो. वाकलो. बाळ झोपलेलं, मुठी वळलेल्या. मी हळू आवाजात म्हटलं, संचिता. हळू आवाज मला येतो हे मला माहीत नव्हतं. ती दचकली नाही.

तेवढ्यात बाळाच्या कपाळावर डास बसला.

मी हात खिशातून काढला आणि वर नेला.

रसिका बाळावर ओणवी झाली. तिचा डावा कोपर तिच्या डोक्यावर गेला. डोळे मिटलेले, मान आत घेतलेली. अगदी तसंच, जसं ती आठ वर्षांची असताना, जांभळ्या फ्रॉकमध्ये, मोरीच्या दाराशी. तिला कळलंही नसेल तिने काय केलं ते. तीस वर्षांची आहे ती.

गाणं थांबलं. व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. कलावती माझ्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती.

हात वरच राहिलेला. तो खाली कसा आणायचा हे मला समजेना. शेवटी सुशांतने तो धरला, अलगद, आणि खाली आणला. म्हणाला, बाबा, चला, बाहेर हवा छान आहे.

घुगऱ्या डब्यात बांधून दिल्या. लिफ्टने खाली आलो. लिफ्ट आहे तिकडे.

आता घरी. शेजारी गर्ट्रूडबायच्या घरात दिवा आहे. भिंतीपाशी जाऊन आलो, हाक मारली नाही. जांभळाची फांदी मोडलेल्या जागी डिंकासारखं काहीतरी धरलंय.

डास होता. कुणी विचारलं तर सांगायला हवं, डास होता. पण कुणी विचारलं नाही.

राग: शून्य. आज खरोखर शून्य होता.